उंबऱ्यात कुणीतरी हवं

गुहागरच्या अलीकडे, वाडीच्या वळणावर
शेवटची एसटी पालखीनंच अडवली.
ड्रायव्हरनं चपला काढल्या, खाली उतरला,
गाडी तशीच रस्त्यात, इंडिकेटर टिकटिकत.
"आता तासभर काय खरं न्हाय," कंडक्टर म्हणाला,
"तुमी पण उतरा मॅडम. बसून काय करणार?"

मी पतसंस्थेची ऑडिटर. गाव जालना.
पिशवीत थकबाकीची यादी, अर्धी बाटली पाणी.
आमच्याकडे फाल्गुन म्हणजे टँकरची वाट.
इथे काजूच्या बोंडांचा आंबूस वास,
आणि माडांच्या मागे कुठेतरी
समुद्र, न दिसणारा, घसा खाकरत.

आधी ढोल आला, मग धूळ, मग गुलाल,
मग जांभळ्या, पोपटी, हळदी लुगड्यांत गुंडाळलेली ती.
आत चांदीची रूपं, झेंडूत गळ्यापर्यंत बुडालेली,
डोळे मात्र टक्क उघडे.
खांद्यावरून डोक्यावर, डोक्यावरून हवेत
पोरं अशी उसळवत होती देवीला
जसा मामा भाचीला उसळवतो
आणि भाची हसते, कारण मामा झेलणार आहे.

एकदम पुढ्यात संकासुर.
काळा झगा, निमुळती टोपी, तागाची पांढरी दाढी,
तांबड्या चिंधीची जीभ बेंबीपर्यंत.
दोराचा सोटा उगारला. मी दोन पावलं मागे.
"भिऊ नका मॅडम. मी लवू भुवड.
सकाळी तुमाला चहा दिलेला."
संस्थेचा शिपाई! दिवसभर दप्तरं आणून ठेवली,
एक अक्षर बोलला नव्हता.
आता कमरेची घुंगरं वाजवत
सरपंचाच्या पाठीत सोटा घालून आला,
आणि सरपंच हसत होता.

गोमू झालेला पोरगा माझ्याजवळून गेला,
मनगटावर घड्याळ, ओठांवर मिशीची लव.
पदर मात्र माझ्यापेक्षा नीट.

शिगवणांच्या अंगणात ढोल थांबले.
अंगण सारवलेलं, दाराला कुलूप.
"विरारला असतात. यंदा रजा नाय मिळाली,"
शेजारच्या सुगंधाबाई आग्रे म्हणाल्या.
किल्ली त्यांच्याच कनवटीला.
"पण माझी ओटी झाली माझ्या घरची.
आणि देवी रिकाम्या उंबऱ्यावरनं म्होरं जात न्हाय.
कुणीतरी हवं गो उभं."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

माझं कपाळ मोकळं. तिनं पाहिलं.
तिनं पाहिलेलं मी पाहिलं.
मग तिनं सूप माझ्या हातात दिलं:
तांदूळ, खण, नारळ, एक चुरगळलेली दहाची नोट.
कुलूप गंजलेलं, दोनदा अडकलं.
दार उघडल्यावर कुणाच्यातरी घराचा
वर्षभर साठलेला अंधार
माझ्या पाठीशी उभा राहिला, घरच्यासारखा.

पालखी पायरीला टेकली. ओटी भरताना हात थरथरले,
चार दाणे देवीच्या डोळ्यावर पडले.
गुरवानं डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं:

"बा देवी म्हाराजा,
शिगवणांच्या उंबऱ्यात आज ही लांबची लेक उभी हाय.
तिच्या हातचा नारळ त्यांचा म्हणून मानून घे.
विरारच्या पोरांना फुडच्या शिमग्याला घरी आण.
आणि हिच्या गावाला... गाव कंचं गो बाय?"

"जालना."

"जालन्याला पाणी दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"
सगळी वाडी ओरडली.
संकासुर ओरडला, गोमू ओरडली,
एसटीचा ड्रायव्हर तर सगळ्यांत मोठ्यानं.
मला काही ओरडता आलं नाही.

कुलूप लावलं. किल्ली परत दिली.
गाडीत बसले तेव्हा इंडिकेटर टिकटिकतच होता,
मांडीवर अर्धा नारळ,
यादीच्या पहिल्या पानावर गुलालाची पाच बोटं,
माझीच.

परवा प्रवासभत्त्याचा फॉर्म भरला.
'परतण्यास विलंब : कारण' असा एक बारीक रकाना असतो.
पेन थोडा वेळ तसंच धरून बसले.
मग लिहिलं:
घरी पालखी आली होती.